न झालेली कावीळ

माझ्या सख्ख्या थोरल्या भावाने मला फसवलं. जमिनीत नाही, दुकानात नाही. पैशाच्या व्यवहारात मला फसवेल असा माणूस बंगळूरच्या शिवाजीनगरात अजून यायचा आहे. भावाने वेगळंच केलं. मी दारू सोडण्यासाठी शहराबाहेर होसकोट्याच्या पुढे एका केंद्रात राहत होतो, तेव्हा त्याने सगळ्या नातेवाइकांना, शेजाऱ्यांना आणि बाजारातल्या लोकांना सांगून टाकलं, की मला कावीळ झाली आहे.

मला आयुष्यात कधी कावीळ झालेली नाही. पण निपाणीपासून बंगळूरपर्यंत आमच्या नात्यातल्या कुणालाही विचारा, माझ्या काविळीची हकीकत तो माझ्यापेक्षा चांगली सांगेल.

एवढ्याशा थापेचा काय राग धरायचा, असं वाचणाऱ्याला वाटेल. मलाही आधी तसंच वाटलं होतं. म्हणून नीट सांगतो.

मी जुन्या मशिनांचा व्यापारी आहे. एखादं वर्कशॉप बंद पडलं, की तिथली लेथ, ड्रिल, प्रेस उचलायची, शिवाजीनगरात आणून साफसूफ करायची आणि नव्याने धंदा टाकणाऱ्याला विकायची. हे मला कुणी शिकवलं नाही. आमचं गाव निपाणीजवळ. वडील बैलबाजारात दलाली करायचे. दोघांनी एकमेकांचे हात रुमालाखाली धरायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचा, ही बैलबाजाराची रीत मी त्यांच्या शेजारी बसून बघितली. मिसरूड फुटायच्या आत मी बंगळूरला आलो, एका वर्कशॉपमध्ये लोखंडाचा कीस झाडायला लागलो, आणि पुढे ते वर्कशॉप बंद पडलं तेव्हा त्यातली पहिली लेथ मीच विकत घेतली.

भाऊ शिकला. त्याला मी नंतर इकडे आणलं. तो एका कंपनीत हिशेबाच्या खात्यात लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. आता इलेक्ट्रॉनिक सिटीत फ्लॅट आहे, मुलगी तिथेच नोकरी करते. मी त्याला अण्णा म्हणतो. आमच्याकडे थोरल्या भावाला अण्णाच म्हणतात. इथे मात्र रिक्षावाल्यालाही अण्णा म्हणतात, त्यामुळे त्या शब्दातला मान थोडा पातळ झाला आहे. तरी मी तो कधी सोडला नाही.

आमच्या बाजारात सौदा ठरला की बसायचं असतं. तोंडी शब्द दिला, हात मिळवला, तरी सौदा पक्का होत नाही. संध्याकाळी दोघे एका टेबलाला बसले, पेला पेल्याला लागला, म्हणजे पक्का. न बसता निघून गेलेल्या माणसाच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे असं समजतात. मी रोज सौदे करत होतो, त्यामुळे रोज बसत होतो. पुढे सौदा नसलेल्या दिवशीही बसायला लागलो. नंतर समोर कुणी नसलं तरी चालायला लागलं.

हे पहिल्यांदा ओळखलं ते एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याने. बाजारात सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचा कधीच पीत नाहीत, आणि बाजारात न बसता सौदा करायची मुभा फक्त त्यांना आहे. त्यांचे वडीलही गुरांच्या बाजारातले, म्हणून आम्ही दोघे अजून रुमालाखाली भाव करतो. बाकीचे हसतात. एका दुपारी एका ड्रिलिंग मशीनवरून आमचं चाललं होतं. रुमालाखाली मी त्यांचा हात धरला आणि त्यांनी आपला हात सोडवून घेतला.

"आज नक्को सेठ," ते म्हणाले. "हात तुम्हारा नै बोलरा. बोतल बोलरी."

मी संतापलो. माझा राग आधीच बाजारात प्रसिद्ध आहे. त्यांना काय वाटेल ते बोललो. ते रुमालाची घडी घालत राहिले. माझी बोटं थरथरत होती, आणि ते बघणाऱ्याला दिसत नव्हतं, धरणाऱ्याला कळत होतं.

त्यानंतर मी दुकानातच चक्कर येऊन पडलो. अण्णा आला, त्याने मला उचललं, गाडीत घातलं आणि केंद्रात नेऊन दाखल केलं. हे त्याचं ऋण मी नाकारत नाही. तो दर रविवारी यायचा. भेटीची वेळ संपली तरी फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसून राहायचा. खिडकीतून त्याचं टक्कल दिसायचं. हेही लिहून ठेवतो, म्हणजे मी एकतर्फी बोलतोय असं कुणी म्हणायला नको.

केंद्रात मी डॉक्टरीणबाईंशीही घासाघीस केली.

"रोज नाही, आठवड्यातून एकदा घेतली तर?"

"नाही."

"सणाला?"

"नाही."

"लग्नकार्यात? चारचौघांत? स्वल्प?"

"थेंबभरही नाही," बाई म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या.

त्यांनी एकदाही भाव हलवला नाही. असं गिऱ्हाईक मी पाहिलेलं नव्हतं. मी चिडलो, ताट लोटलं, दोन दिवस कुणाशी बोललो नाही. मग समजलं की इथे घासाघीस चालत नाही, आणि त्या समजण्याने मला जरा हलकंही वाटलं. ज्या वस्तूला भावच नाही तिच्याबद्दल विचार करायचं काम उरत नाही.

बाई निघताना म्हणाल्या, "घरी गेल्यावर लपवू नका. तुमच्या आजूबाजूच्या माणसांना माहीत असू द्या. तुम्ही विसराल तेव्हा त्यांनी आठवण ठेवायची असते."

मी होय म्हटलं. तोपर्यंत घरी माझ्या काविळीला बरेच दिवस झाले होते.

गाडीतच अण्णाने सांगितलं. पुढे बघत, गाडी चालवत.

"सगळ्यांना कावीळ म्हणून सांगितलंय. तू पण तसंच सांग."

"का?"

"पोरीची स्थळं बघायलोय. काका दारुडा आहे असं कळलं तर कोण दारात येईल? आणि तुझीच अब्रू वाचली की रे."

मला तेव्हा एवढं थकायला झालं होतं की मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "सरी." म्हणजे कन्नडमध्ये 'बरं'.

तो एक शब्द मी दिला. व्यापारी माणूस दिलेला शब्द नाकारत नाही, म्हणून कबूल करतो, की दिला. पण माल न बघता दिला.

घरी आल्यावर भेटणाऱ्यांची रीघ लागली. कुणी उसाचा रस आणला, कुणी पपई, कुणी मुळ्याच्या पाल्याचा रस बाटलीत भरून. बायको पाहुण्यांच्या देखत मला मूगडाळीचं पाणी आणि उकडलेला दुधी वाढायची. तेल नाही, तिखट नाही, फोडणी नाही. मला भूक लागायची, कधी नव्हे एवढी, आणि समोर दुधी. पाहुणे गेल्यावर तरी काही चमचमीत दे म्हटलं, तर ती म्हणायची, "वास खालपर्यंत जातो. खालच्या अक्का विचारतात."

गावाकडून आत्या आली ती केळीच्या पानात काविळीची माळ बांधून घेऊन आली. कुठल्याशा वनस्पतीच्या काड्या दोऱ्यात ओवलेल्या असतात. ती डोक्यावर ठेवायची. जसजशी कावीळ उतरते तसतशी माळ लांबत जाऊन गळ्यात, छातीवर, पोटावर येते, असं म्हणतात. आत्याने माझी पापणी ओढून डोळा बघितला.

"पिवळं हाय की अजून! काय डाक्टर हाय का कोण?"

"होय आत्या, थोडं राहिलंय," अण्णा म्हणाला.

माळ माझ्या डोक्यावर ठेवली. आणि ती उतरली. दिवसागणिक उतरत गेली. कपाळावरून गळ्यात आली, गळ्यातून छातीवर, आणि आत्या जायच्या आदल्या दिवशी बेंबीला लागली. आत्याने सगळ्यांना हाका मारल्या, "बघा गं, बघा! उतरली का न्हाई?" घरातले सगळे बघायला आले. अण्णाने हात जोडले. बायको फरशीकडे बघत होती. मी मधोमध, उघड्या अंगाने, गळ्यात माळ घालून उभा. मला न झालेला आजार सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बरा झाला होता.

मी न्हाणीघरात जाऊन हसलो. खूप हसलो. आणि मग काहीतरी बिघडलं, हसता येईना. बाहेर इतकी माणसं माझ्यासाठी जमली होती, आणि त्यातलं एकही माझ्यासाठी आलेलं नव्हतं. ती त्या काविळीच्या माणसासाठी आली होती. मला खरोखर काय झालंय ते विचारणारं कुणी नव्हतं. रात्री अंथरुणात घाम फुटतो तो का, संध्याकाळ झाली की मी घरातल्या घरात येरझाऱ्या का घालतो, शेजारच्या गल्लीतून न जाता लांबून का जातो, हे कुणाला माहीतच नाही, तर विचारणार काय?

बायकोला माहीत होतं. पण तीही थकली होती. एकदा मी तिच्यावर ओरडलो, "तू तरी का खोटं बोललीस?"

ती म्हणाली, "तुम्ही पीत होता तेव्हा रोज नवीन खोटं बोलायला लागायचं. हे एकच आहे. पाठ तरी झालं."



शिवाजीनगरपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर एका चर्चच्या मागच्या खोलीत दारू सोडलेल्यांची सभा भरते. केंद्रातूनच पत्ता दिला होता. प्लास्टिकच्या खुर्च्या, स्टीलच्या थर्मासमधला चहा. कुणी कुणाचं नाव विचारत नाही. लोक तमिळमध्ये बोलतात, कन्नडमध्ये, इंग्रजीत, हिंदीत. जसं येईल तसं. मी कन्नडमध्ये बोललो. "नानु कुडुक." मी दारुडा आहे. सगळ्यांनी माना हलवल्या आणि चहा पुढे केला.

कन्नड मला मराठीइतकीच येते, तरी ते वाक्य बाहेर पडायला सोपं गेलं, कारण त्या भाषेत माझी आई कधी माझ्याशी बोलली नव्हती. मराठीत ते वाक्य मी म्हणून बघितलं नव्हतं. घरी परत येताना रस्त्याने ओठांतल्या ओठांत म्हणायचा प्रयत्न केला, तर मागे वळून बघितलं, कुणी ओळखीचं आहे की काय म्हणून.

तिथे मला एक साहेब भेटले. सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, मूळचे पुण्याकडचे, दारू सुटून बरीच वर्षं झालेले. मी मराठी आहे हे त्यांनी माझ्या कन्नडमधल्या एका हेलावरून ओळखलं. चहा घेताना म्हणाले, "आपण बेळगावकडचे का?"

"निपाणी."

"मग मराठीत बोलू या की. इथे गेली कित्येक वर्षं मला मराठीत शिव्या देणारं कुणी भेटलेलं नाही."

"शिव्या कशाला देऊ?"

"द्याल हो. लवकरच द्याल."

त्यांनी मला सकाळच्या फोनचा नेम घालून दिला. रोज सकाळी दोघांपैकी कुणीतरी एकाने फोन करायचा. मी विचारलं, बोलायचं काय? ते म्हणाले, "काहीही. आमच्याकडे पाणी आलं नाही, एवढं सांगितलंत तरी पुरे. मला फक्त आवाज ऐकायचाय." मी म्हटलं, हा काय पोरखेळ. आणि दुसऱ्या दिवशी दात घासायच्या आधी फोन केला. त्यांच्या 'अहो, बरं का'ला मी चिडायचो, माझ्या 'काय करायलाय'ला ते हसायचे. एकदा मी खरंच शिव्या दिल्या, घडाघडा, आईच्या भाषेत. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "अहाहा! छान वाटलं. चहा प्या आता."

काविळीचं त्यांना सांगितलं तेव्हा मात्र ते हसले नाहीत. म्हणाले, "हे वाईट झालं. कावीळ बरी होते."

मला लगेच अर्थ कळला नाही. बाजारात कळला.

मी पुन्हा दुकानात बसायला लागलो. लोक आले, पाठीवर थापा मारल्या. "कावीळ काय वाईट असते सेठ, माझ्या साडूला झाली होती." पहिले काही महिने कुणी आग्रह केला नाही. काविळीत दारू चालत नाही हे दारुड्यालाही माहीत असतं. संध्याकाळी सगळे बसायला निघाले की मला सोडून जायचे, आणि बसल्याजागी सौदे व्हायचे ते माझ्याशिवाय व्हायचे. ते मी सोसलं. धंदा बसला तरी चालेल, मी उभा राहिलो पाहिजे, असं साहेब म्हणायचे. मी दुकानाचं शटर ओढून त्या खोलीकडे चालायला लागायचो. सभा नसली तरी. बंद दाराच्या पायरीवर जरा टेकायचो आणि घरी जायचो.

मग वर्ष फिरलं, आणि लोक म्हणायला लागले, "आता तर बरे झालात की!"

हीच ती गोम. दारुडा म्हणून सांगितलं असतं तर निम्मे लोक मला टाळून गेले असते, निम्म्यांनी टिंगल केली असती, पण पेला पुढे करताना हात जरा अडखळला असता. काविळीतून उठलेल्या माणसापुढे पेला करताना कुणाचा हात का अडखळेल? ते तर माझा आनंद साजरा करत होते.

आमच्या धंद्यात जुन्या लेथला हिरवा रंग मारतात. ज्यावर सगळं सरकतं तो बेड झिजलेला असतो, तो आतून तसाच राहतो, वरून मशीन नव्यासारखं दिसतं. घेणारा खूश होऊन त्यावर पूर्ण भार टाकतो आणि ते पहिल्याच आठवड्यात बसतं. झीज दिसत असती तर त्याने बेतानेच चालवलं असतं. म्हणून मी रंगवलेलं मशीन घेताना कधी डोळ्यांवर विसंबत नाही, बेडवरून नख फिरवून बघतो. अण्णाने मला रंग मारला होता. सगळे भार टाकायला मोकळे झाले.

फक्त चाचांनी एकदा दुकानात येऊन रुमाल पसरला. माझा हात धरला, बराच वेळ धरून ठेवला आणि म्हणाले, "हात वापस आया." काविळीचं त्यांनी कधी विचारलं नाही.

आता साखरपुड्याचं सांगतो.

पुतणीचं लग्न ठरलं. मुलगा चांगला, घर कोल्हापूरकडचं. दसऱ्यानंतर इलेक्ट्रॉनिक सिटीत अण्णाच्या सोसायटीच्या हॉलमध्ये साखरपुडा झाला. साहेब त्याच्या आधीच मुलीकडे पुण्याला राहायला गेले होते. सकाळचा फोन चालू होता, त्या दिवशीही झाला. ते म्हणाले, "माणसं जास्त असतील. दाराजवळची खुर्ची धरा." मी दाराजवळची खुर्ची धरली. अंगठ्या घातल्या, साखर वाटली, फोटो झाले. पोरगी हिरव्या साडीत एवढी मोठी दिसत होती की मी तिच्याकडे नीट बघूही शकलो नाही. हिला मी खांद्यावर बसवून बाजारातून फिरवलं होतं.

मग अण्णाने हळूच पुरुषांना खुणावलं आणि सगळे गच्चीवर गेले. अजून जेवणं व्हायची होती. गच्चीवर सतरंजी, बर्फ, शेंगदाणे. मी जाणार नव्हतो. पण मुलाचे मामा स्वतः मला न्यायला आले. "मुलीचे काका नाहीत म्हणजे काय? चला चला!" मी दोन मिनिटं बसून उठावं म्हणून गेलो.

मामांनी पेला भरला आणि माझ्यापुढे केला.

"नको," मी म्हटलं. "डॉक्टरांनी नको म्हटलंय."

"अहो, ती कावीळ ना? तुमच्या बंधूंनी सांगितलं. आता झालं की वर्ष. आमच्या चुलत्यांना झाली होती, आता बघा, बाटली उभी राहू देत नाहीत." सगळे हसले.

मी अण्णाकडे बघितलं. त्या गच्चीवर खरं माहीत असणारे आम्ही दोघेच होतो. मला वाटलं, आता तो काहीतरी करील. पेला स्वतः घेईल, विषय बदलेल, मला खाली कामाला पाठवील. सोपं होतं. एक वाक्य पुरलं असतं.

अण्णाने मामांच्या हातातून पेला घेतला. आणि माझ्या हातात दिला.

"घे की रे," तो म्हणाला. "पाहुण्यांचा मान म्हणून. स्वल्प ओठाला लाव. एवढ्याने काय होतंय?"

त्याचा आवाज अगदी साधा होता. मला वाटतं, त्या क्षणी त्याला खरोखर आठवत नव्हतं. एवढ्या वेळा एवढ्या लोकांना सांगून त्याला स्वतःलाच ती कावीळ खरी वाटायला लागली होती. फाटकाबाहेर कट्ट्यावर बसणारा तो माणूस माझ्या भावाच्या डोक्यातून पुसून गेला होता.

पेला माझ्या हातात होता. गार. बाहेरून ओला. त्याचा वास मी नाकाने घेतला नाही, पूर्ण अंगाने घेतला. माझ्या आत कुणीतरी खाट सरकवून त्याला जागा करत होतं. पाहुण्यांचा मान. ओठाला लाव. हे सगळं इतक्या रास्त भावात मिळत होतं की कुठलाही व्यापारी हो म्हणाला असता.

मी उठलो, कठड्याजवळ गेलो आणि पेला तिथल्या जास्वंदीच्या कुंडीत ओतला. रिकामा पेला सतरंजीवर आणून आपटला. तो फुटला नाही, जाड होता.

मामांचा चेहरा उतरला. "हे काय हो?"

मी बोलणार होतो. वाक्य तयार होतं, मराठीत. तोंड उघडलं, तेवढ्यात अण्णा म्हणाला, "मनावर घेऊ नका हो. काविळीनंतर डोकं जरा तापटच झालंय त्याचं. पित्त चढतं."

म्हणजे माझा रागही काविळीच्या खात्यावर गेला.

आणि त्याच वेळी पुतणी जिन्याच्या दारात आली. "काका, पहिली पंगत बसायलीय, चला, तुम्ही माझ्या शेजारी." ती हसत होती. मी तिच्यासमोर ते वाक्य म्हणू शकलो असतो? तिच्या साखरपुड्याच्या दिवशी, तिच्या मामेसासऱ्यांसमोर? मी तोंड मिटलं. "आलो बाळा," म्हटलं, जिना उतरलो, आणि हॉलमध्ये न जाता सरळ फाटकाबाहेर गेलो. बायकोलाही सांगितलं नाही.

स्टॉपवरून साहेबांना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. नंतर कळलं, ते नातवाला घेऊन बागेत गेले होते आणि फोन घरी राहिला होता. बस आली, बसलो. गाडी वरच्या उड्डाणरस्त्याला लागली. तिथून दोन्ही बाजूंना इमारतींचे वरचे मजलेच तेवढे दिसतात, वाळत घातलेले कपडे, पाण्याच्या टाक्या, एकेका खिडकीत एकेकटा माणूस. पुढे गाडी खाली उतरली आणि दारूची दुकानं सुरू झाली. मला सगळी पाठ आहेत. कुठल्याला मागच्या बाजूने दार आहे तेही. मी खिशातले हात बाहेर काढले नाहीत. एवढ्या मोठ्या शहरात, जिथे मी शेकडो माणसांना नावानिशी ओळखतो, त्या दुपारी मला खरं सांगता येईल असा एक फोन होता आणि तो उचलला जात नव्हता.

शिवाजीनगरला उतरलो. रविवार म्हणून गल्ली शांत होती. चाचांचं शटर अर्धं वर होतं, ते आत पेपर वाचत होते. मी त्यांच्यासमोर बसलो. त्यांनी माझं तोंड बघितलं आणि काही न विचारता खांद्यावरचा रुमाल काढून आमच्या मध्ये पसरला. विकायला काही नव्हतं, घ्यायलाही नव्हतं. मी रुमालाखाली हात घातला. त्यांनी धरला. कुठलंही बोट दाबलं नाही, भाव विचारला नाही. बाहेर कुणी गल्लीतून गेलं असेल त्याला वाटलं असेल, म्हातारा आणि सेठ, सुट्टीच्या दिवशीही सौदा करताहेत.

मग ते म्हणाले, "पिया?"

"नै."

"फिर काय कू डरता?"

त्यांनी चहा मागवला. मी दोन प्यालो.

बायको संध्याकाळी एकटीच बसने घरी आली. मी चाचांकडून येऊन पुढच्या खोलीत बसलो होतो. तिने साडीही बदलली नाही, सरळ स्वयंपाकघरात गेली. मग मला फोडणीचा वास आला. लसूण, लाल मिरची, तेल. चांगली चरचरीत. तिने खिडकी उघडी ठेवली होती, दारही. मी दारात जाऊन उभा राहिलो.

"खालच्या अक्का विचारतील," मी म्हटलं.

"विचारू देत," ती म्हणाली. "गच्चीच्या दाराआड मी उभी होते, तुम्ही न बघताच उतरलात. ऐकलं सगळं."

एवढंच. त्या दिवशी आमटी एवढी तिखट होती की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते कशाचं होतं हे कुणालाच सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णाचा फोन आला. मला वाटलं माफी मागेल. तो म्हणाला, "मी काय म्हणतो, ऐक. मार्गशीर्षात लग्न आहे. पुन्हा असा तमाशा नको. आपण सांगून टाकू, तुझी कावीळ उलटली म्हणून. मग कुणी आग्रहच करणार नाही. तुझ्याच सोयीचं आहे."

सौदा म्हणून बघितलं तर वाईट नव्हता. खरोखर कुणी आग्रह केला नसता. पुन्हा दुधी, पुन्हा मूगडाळीचं पाणी, आत्या दुसरी माळ घेऊन येईल आणि तीही उतरेल. आणि मी आणखी एक वर्ष त्या माळेत उभा. मी फोन ठेवला. त्यानंतर त्याचे फोन घेतलेले नाहीत.

साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "भावाला माफ करा असं मी म्हणणार नाही. पण तुम्हाला त्याच्याकडून नेमकं काय हवंय ते ठरवा. मोघम राग माणसाला पुन्हा बाटलीकडे नेतो." मी आयुष्यभर भाव सांगत आलो आहे. माझा भाव काय तो सांगायला मला एवढा वेळ लागला.

अण्णा, हे तुझ्यासाठी आहे. माझी अब्रू तू वाचवलीस असं तू म्हणतोस, तर ती माझी होती, मला विचारून वाचवायची. मी 'सरी' म्हटलं होतं, ते मी परत घेतो. लग्नाला मी येणार. पोरीच्या शेजारी पंगतीला बसणार. पण त्याआधी तू मामांकडे जायचं, आणि माझ्या भावाला कावीळ झाली नव्हती, तो दारू सोडतो आहे, हे तुझ्या तोंडाने सांगायचं. पोरीलाही तूच सांगायचं. आणि मग माझ्या दुकानात यायचं. मी रुमाल आणणार नाही. हात टेबलावर उघडे ठेव, शटर पूर्ण वर असेल, गल्लीतल्या कुणाला ऐकायचं त्याने ऐकावं. मी दारुडा आहे हे मी मराठीत म्हणेन, तुझ्याकडे बघून. त्यानंतर तू मला सांग. फाटकाबाहेर माझ्यासाठी बसून राहणारा तूच होतास ना? मग तो पेला मामांच्या हातातून काढून घेऊन माझ्या हातात का दिलास?

उत्तर दे अण्णा.